मतदानाच्या हक्काआड कुणी आलं तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यादीतून नाव उडालं, केंद्रावरून परत पाठवलं, मालकानं सुट्टी दिली नाही, गावात कुणी दमदाटी केली. यांतल्या प्रत्येक प्रसंगासाठी आपल्याकडे कायद्यात तरतूद आहे. अडचण अशी की ती एका जागी सापडत नाही आणि बहुतेक ठिकाणी मुदत फार थोडी असते. शिवाय लोकांची मतं मतदानाच्या दिवशी जितकी जातात, त्याहून जास्त आधीच्या काही महिन्यांत कागदावर गेलेली असतात. म्हणून इथे मतदार यादीवर सर्वांत जास्त लिहिलं आहे.

मतदारांना रोखण्याविरुद्ध असा एखादा एकच कायदा आहे का?

नाही. राज्यघटनेचं कलम ३२६ प्रौढ मताधिकार देतं (६१ व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे १९८९ पासून, वय १८) आणि कलम ३२५ सांगतं की धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कुणालाही यादीबाहेर ठेवता येणार नाही. पुढचं काम इतर कायदे करतात. यादीचा प्रश्न असेल तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० आणि मतदार नोंदणी नियम १९६०. मतदान, प्रचार आणि केंद्रावरचा प्रश्न असेल तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ आणि निवडणूक संचालन नियम १९६१. धमकी, लाच, तोतयेगिरी यांसाठी भारतीय न्याय संहितेची कलमं १६९ ते १७७. अनुसूचित जाती-जमातीच्या मतदारावर दबाव आला तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा, आणि तो या सर्वांत कडक आहे. तक्रारीत चुकीचं कलम पडलं म्हणून हक्क बुडत नाही. पण योग्य कलम माहीत असलं की ठाण्यातली टोलवाटोलवी बरीच कमी होते.

माझ्याकडे मतदार ओळखपत्र आहे. मग यादी कशाला तपासायची?

कारण मत यादीवर मिळतं, कार्डावर नाही. १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ स्पष्ट आहे: यादीत नाव नसलेल्या व्यक्तीला त्या मतदारसंघात मत देता येत नाही. कार्ड वीस वर्षं जुनं असो की नवंकोरं, नाव वगळलं गेलं असेल तर त्याचा केंद्रावर काही उपयोग नाही.

तपासताना निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नावानं शोधू नका, कार्डाच्या क्रमांकानं शोधा. नावाच्या मराठी-इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक असला की नाव असूनही ‘आढळले नाही’ असं येतं. सापडल्यावर तीन गोष्टी लिहून ठेवा: यादी भाग क्रमांक, त्या भागातला अनुक्रमांक आणि मतदान केंद्राचं नाव. त्यानंतर त्या भागाची पूर्ण पीडीएफ उघडून शेवटची पुरवणी पानं बघा. मूळ यादीत नाव असतं आणि पुरवणीत ते वगळलेल्या नावांत गेलेलं असतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. घरातल्या सगळ्यांची नावं त्याच वेळी बघून घ्या. लग्न होऊन आलेल्या सुनेचं आणि शिक्षणासाठी बाहेर असलेल्या मुलाचं नाव सगळ्यात आधी जातं.

हे तीन वेळा करावं: प्रारूप (कच्ची) यादी प्रसिद्ध झाल्यावर, अंतिम यादी आल्यावर आणि निवडणूक जाहीर झाली त्याच आठवड्यात. तिसरी वेळ चुकली तर दुरुस्तीचा रस्ता बंद होतो. तो का बंद होतो, ते पुढच्या उत्तरात आहे.

नाव यादीतून गेलं आहे. आता काय करू?

दोन कामं एकाच वेळी करा.

पहिलं, नमुना ६ भरून नाव पुन्हा नोंदवायला अर्ज द्या. ऑनलाइन भरा किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे द्या, पण पोच घेतल्याशिवाय निघू नका. ऑनलाइन अर्जाचा संदर्भ क्रमांक येतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. अर्ज आल्यावर त्याची नोटीस निदान ७ दिवस हरकतींसाठी लावावी लागते. त्यामुळे उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या निदान १० दिवस आधी नमुना ६ पोचायला हवा. १९५० च्या कायद्याच्या कलम २३(३) नुसार ती शेवटची तारीख उलटली की निवडणूक संपेपर्यंत यादीत ना नाव घालता येतं, ना काढता येतं, ना दुरुस्ती होते. ही तरतूद तुम्हाला अडवते तशीच वाचवतेही, कारण त्या तारखेनंतर कुणाला तुमचं नाव वगळताही येत नाही.

दुसरं, नाव कोणत्या आदेशानं वगळलं, कुणाच्या अर्जावरून वगळलं आणि सुनावणीची नोटीस कुठे बजावली, या तीन गोष्टींची प्रत मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी मागा. नोंदणी अधिकारी बहुतेक ठिकाणी उपविभागीय अधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाचे असतात. त्यांच्या आदेशाविरुद्ध कलम २४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत अपील करता येतं. तिथेही न्याय मिळाला नाही तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील. नुसता नमुना ६ भरून गप्प बसलं तर नाव परत येईलही, पण ते चुकीनं वगळलं गेलं होतं याची नोंद कुठेच राहत नाही आणि यादीच्या पुढच्या पुनरीक्षणात, म्हणजे उजळणीत, तेच पुन्हा घडू शकतं.

मला न विचारता नाव काढता येतं का?

मतदार मयत असेल ती गोष्ट निराळी. एरवी नाही. १९५० च्या कायद्याचं कलम २२ सांगतं की कुणी त्या भागात राहत नाही किंवा यादीत असायला पात्र नाही, या कारणावरून नाव वगळण्यापूर्वी त्या व्यक्तीला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते. ‘बीएलओ घरी आले होते, कुलूप होतं’ एवढ्यावर नाव कापणं या तरतुदीत बसत नाही.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा लाल बाबू हुसेन विरुद्ध मतदार नोंदणी अधिकारी हा १९९५ चा निकाल फार मोलाचा आहे. मुंबई आणि दिल्लीतल्या काही वस्त्यांमधल्या लोकांना नोटिसा देऊन नागरिकत्व सिद्ध करायला सांगितलं होतं. न्यायालयानं म्हटलं की आधीच्या यादीत नाव असेल तर ते रीतसर तपासूनच घातलं गेलं असं धरून चालावं, संशयाचा आधार असलेली कागदपत्रं त्या माणसाला दाखवावी आणि त्यानं दिलेल्या पुराव्याचा अधिकाऱ्यानं स्वतःच्या बुद्धीनं विचार करावा. नुसत्या पोलिस अहवालावर विसंबून नाव काढता येत नाही. सुनावणीला जाताना या निकालाचा उल्लेख लेखी म्हणण्यात जरूर करा.

कुणीतरी शेकडो नावांवर नमुना ७ भरले आहेत. हे चालतं का?

नमुना ७ म्हणजे यादीतल्या नावावर हरकत घेण्याचा किंवा ते वगळण्याचा अर्ज. ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्यालाच तो भरता येतो. हरकत घेणाऱ्यानं आपलं नाव, कार्डाचा क्रमांक आणि कारण द्यायचं असतं आणि मजकूर खरा असल्याचं घोषणापत्र सही करून द्यायचं असतं. ते खोटं निघालं तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. एका माणसानं गठ्ठ्यानं आणलेले अर्ज घ्यायचे नाहीत, अशाही आयोगाच्या सूचना आहेत. पक्षाच्या केंद्रस्तरीय प्रतिनिधीला नेहमीच्या पुनरीक्षणात दिवसाला १० अर्जांची मर्यादा आहे आणि पूर्ण काळात ३० च्या वर गेले तर नोंदणी अधिकाऱ्यानं स्वतः फेरतपासणी करायची असते.

कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी असे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते. प्रत्यक्ष पडताळणीत त्यांपैकी फक्त २४ खरे ठरले. बाकीची नावं वाचली आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. ही नावं वाचली ती जागेवर जाऊन पडताळणी झाली म्हणून. जिथे पडताळणी टेबलावर बसून उरकली जाते तिथे हाच प्रकार यशस्वी होतो.

तुमच्या भागात असं होतंय का हे कळायचा मार्ग सोपा आहे. आलेल्या अर्जांच्या याद्या नोंदणी अधिकाऱ्यानं प्रसिद्ध करायच्या असतात: नवीन नावांची नमुना ९ मध्ये आणि हरकतींची नमुना १० मध्ये. दर आठवड्याला नमुना १० ची यादी बघा. एकाच हरकतदाराचं नाव पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा एकाच वस्तीतले अनुक्रमांक ओळीनं आले असतील, तर लगेच लेखी तक्रार करा आणि त्या हरकतदाराला सुनावणीला समक्ष बोलवा अशी मागणी करा. हरकत सिद्ध करायची जबाबदारी त्याची आहे.

विशेष सखोल पुनरीक्षणात काय वेगळं असतं?

नेहमीच्या पुनरीक्षणात आधीची यादी कायम धरून भर-वजाबाकी होते. सखोल पुनरीक्षणात घरोघर गणना अर्ज भरून घेऊन यादी नव्यानं बांधतात. त्यामुळे अर्ज परत न आलेला माणूस आपोआप प्रारूप यादीबाहेर राहतो. बिहारमध्ये २०२५ साली प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं आली नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १४ ऑगस्ट २०२५ रोजी ती नावं कारणांसह, कार्डाच्या क्रमांकानं शोधता येतील अशी प्रसिद्ध करायला लावली आणि सप्टेंबरमध्ये आधार कार्ड ओळखीचा पुरावा म्हणून स्वीकारायला सांगितलं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हेही न्यायालयानं स्पष्ट केलं. वगळलेल्यांची यादी कारणासकट मागता येते, हा यातून मतदारांच्या हाती आलेला मुद्दा आहे. गणना अर्ज भरून दिलात तर दुसऱ्या प्रतीवर बीएलओची सही घ्या.

ऊसतोडीला किंवा कामासाठी सहा महिने बाहेर असतो. नाव गावातून काढलं तर?

१९५० च्या कायद्याचं कलम २०(१क) वाचून दाखवा. राहत्या ठिकाणाहून तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणूस तिथला ‘सर्वसाधारण रहिवासी’ राहत नाही असं होत नाही. बीड जिल्ह्यातून ऑक्टोबरच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. पडताळणी नेमकी याच महिन्यांत आली तर घरात म्हातारी माणसं आणि दाराला कुलपं. बीएलओच्या वहीत ‘स्थलांतरित’ अशी खूण पडते आणि पुढचं आपोआप घडत जातं. म्हणून निघण्यापूर्वी बीएलओला लेखी कळवा: अमुक कुटुंब हंगामी कामासाठी जात आहे, अमुक महिन्यात परत येईल, घर व रेशन कार्ड इथलंच आहे. ग्रामपंचायतीनं सगळ्या टोळ्यांची एकत्र यादी करून दिली तर अधिक बरं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गावात वडिलोपार्जित घर आहे, पण तुम्ही बारा वर्षं शहरात राहता आणि परतायचा विचार नाही, तर नुसत्या घराच्या मालकीवर गावातलं नाव टिकत नाही. अशा वेळी नमुना ८ भरून नाव शहरात हलवा. दोन ठिकाणी नावं ठेवायला कलम १७ आणि १८ मनाई करतात.

बाहेर असताना कामाच्या ठिकाणाहून मत द्यायची सोय कायद्यात अजून नाही. आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. तो पुढे सरकलेला नाही आणि हंगामी मजुरांचं मत या एका कारणानं सगळ्यात जास्त बुडतं.

पालावर राहणाऱ्या, बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा नसतो. त्याची नोंदणी होते का?

होते. आयोगाच्या सूचनेनुसार नमुना ६ मध्ये जिथे झोपतो ती जागा लिहायची. बीएलओनं रात्री, एकाहून अधिक वेळा, जाऊन तो माणूस तिथे खरोखर झोपतो का हे पाहायचं. खात्री झाली की पत्त्याचा कागद मागायचा नाही. भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर ‘कागद आणा’ म्हणून अर्ज परत केले जातात, ते या सूचनेविरुद्ध आहे.

मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत पाठवलं. कुठल्या वेळी काय करायचं?

कार्ड जवळ नसेल तर: आयोगानं मान्य केलेली इतर १२ कागदपत्रं चालतात. त्यांत आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉबकार्ड, बँकेचं किंवा टपालाचं फोटो असलेलं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं आणि दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड ही नेहमी हाताशी असणारी. नुसती मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून २०१९ पासून चालत नाही. नावात काना-मात्रेची चूक असेल, पण माणूस तोच आहे हे पटत असेल, तर त्यावरून अडवायचं नाही. कार्ड दुसऱ्या मतदारसंघातलं असलं तरी इथल्या यादीत नाव असल्यास चालतं.

‘तुमचं नाव गैरहजर-स्थलांतरित-मयत यादीत आहे’ असं सांगितलं तर: ही यादी केंद्राध्यक्षाच्या, म्हणजे केंद्राच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, सावधगिरीसाठी असते, ती मत हिरावून घेत नाही. मुख्य यादीत नाव आहे आणि तुम्ही ओळखपत्र घेऊन समोर उभे आहात, तर केंद्राध्यक्षानं स्वतः ओळख पटवायची, सहीबरोबर अंगठ्याचा ठसाही घ्यायचा आणि मत देऊ द्यायचं. पहिल्या टेबलावरचा कर्मचारी ‘तुम्ही मयत आहात’ म्हणून परत पाठवत असेल तर वाद घालू नका. केंद्राध्यक्षांशी बोलायचं आहे एवढंच शांतपणे सांगा.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर: निवडणूक संचालन नियमांचा नियम ४९ पी. केंद्राध्यक्षाच्या प्रश्नांना उत्तरं देऊन ओळख पटवा, मग तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. ते प्रदत्त मत. नमुना १७ बी वर तुमची सही होते आणि मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जाते. हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. निकाल उच्च न्यायालयात गेला तरच ते उपयोगी पडतं. तरीही ते द्याच, कारण तोतया मतदानाचा लेखी पुरावा दुसऱ्या कुठल्या मार्गानं तयार होत नाही.

उमेदवाराच्या प्रतिनिधीनं तुमच्या ओळखीवर हरकत घेतली तर: त्याला आधी २ रुपये भरावे लागतात. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. हरकत सिद्ध झाली नाही तर तुम्ही मत द्यायचं.

वेळ संपली तर: ठरलेल्या वेळेला रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. केंद्राध्यक्ष रांगेच्या शेवटून पुढे चिठ्ठ्या वाटतात. चिठ्ठी हातात असेपर्यंत कुणी घालवलं तरी जाऊ नका.

नाव यादीत नसलं तरी आधार दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागता येतं, असा मेसेज आला होता. खरं आहे का?

खोटं आहे. दर निवडणुकीत हा मेसेज फिरतो. ‘१४ टक्क्यांहून जास्त प्रदत्त मतं पडली की फेरमतदान होतं’ हेही खोटंच. अशा मेसेजवर विसंबून लोक आधी यादी तपासत नाहीत. मतदानाच्या दिवशी नाव नसेल तर त्या दिवशी कुठलाच उपाय उरलेला नसतो.

आदल्या रात्री पैसे देऊन बोटाला शाई लावतात किंवा कार्ड जमा करून घेतात. यावर काय?

विरोधकांची म्हणून समजली जाणारी मतं पडूच नयेत, यासाठीचा हा प्रकार आहे आणि नियमातल्या एका ओळीवर तो उभा आहे. नियम ४९ के नुसार डाव्या तर्जनीवर आधीच शाईची खूण असेल तर त्या माणसाला मत देऊ द्यायचं नाही. म्हणजे शाई एकदा लागली की मत गेलं. त्यासाठी पैसे देणं ही न्याय संहितेच्या कलम १७० खाली लाच, आणि धाकानं लावली असेल तर कलम १७१ खाली मतदारावर अनुचित प्रभाव. जबरदस्तीनं शाई लावली गेली असेल तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री पोलिस ठाणं आणि निवडणूक निर्णय अधिकारी या दोघांकडे लेखी तक्रार द्या.

कार्ड काढून घेतलं असेल तर घाबरायचं कारण नाही. वरच्या १२ कागदपत्रांपैकी एक पुरतं. वस्तीत ही एक माहिती पोचली की कार्ड जमा करण्याला अर्थच उरत नाही.

कुणी धमकावलं तर नेमका कोणता गुन्हा होतो?

इथे एक बारकावा आहे आणि तो ठाण्यात गेल्यावर कळतो. कलम १७१ चा अनुचित प्रभाव हा गुन्हा आहे, शिक्षा कलम १७४ प्रमाणे १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण तो अदखलपात्र आहे. म्हणजे पोलिस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. मतदान होऊन जातं तरी कागद हलत नाही.

म्हणून घटना नीट सांगा. मतदाराला धाकदपटशा दाखवून केंद्राकडे जाण्यापासून अडवणं हे १९५१ च्या कायद्याच्या कलम १३५ क मधल्या ‘मतदान केंद्र बळकावणं’ या व्याख्येत येतं. हे कलम दखलपात्र आहे. शिक्षा किमान १ वर्ष, कमाल ३ वर्षं. सरकारी नोकर असेल तर ३ ते ५ वर्षं. ‘मला धमकी दिली’ एवढंच लिहिलं तर एनसी होते. ‘अमुक वाजता अमुक रस्त्यावर अमुक माणसांनी अडवून केंद्राकडे जाऊ दिलं नाही’ असं लिहिलं तर चित्र बदलतं. खोटं काही लिहू नका, पण जे घडलं त्यातली अडवणूक आधी लिहा.

जातीतून, समाजातून बाहेर काढण्याची धमकी किंवा देवाचा कोप होईल अशी भीती घालणं हेही १९५१ च्या कायद्याच्या कलम १२३(२) खाली भ्रष्ट आचारात मोडतं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा स्वतंत्र कायदाही आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

शिक्षा छोटी वाटली तरी तिचा परिणाम मोठा असतो. मतदाराला लाच देणं किंवा अनुचित प्रभाव टाकणं यात दोषी ठरलेला माणूस ६ वर्षं निवडणूक लढवू शकत नाही आणि १९५१ च्या कायद्याच्या कलम ११ क प्रमाणे ६ वर्षं मतही देऊ शकत नाही.

मतदार अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल तर?

२०१५ च्या दुरुस्तीनं अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात कलम ३(१)(एल) आलं. मत देऊ नको, अमुकालाच दे, असं भाग पाडणं, धमकावणं किंवा मतदानापासून अडवणं यासाठी ६ महिने ते ५ वर्षं कैद आणि दंड. उमेदवारी अर्ज भरू न देणं हेही याच कलमात आहे. मतदानानंतरचा सूड तर स्वतंत्र गुन्हा आहे: मारहाण, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार, सार्वजनिक सेवा बंद करणं.

एफआयआर नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, अटकपूर्व जामिनाला कलम १८ चा अटकाव आहे आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. जातीचा दाखला त्या क्षणी हातात नसेल तरी तक्रार द्या, दाखला मागाहून जोडता येतो. पोलिस अधिकाऱ्यानं जाणूनबुजून टाळाटाळ केली तर कलम ४ खाली त्याच्यावरही कारवाई होऊ शकते.

आमच्या वस्तीनं कुणाला मतं दिली हे गावाला कसं कळतं?

कारण केंद्रनिहाय आकडे नमुना २० मध्ये प्रसिद्ध होतात. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पेट्या एकत्र मिसळून मोजता येत, त्यामुळे एका वस्तीचा कल वेगळा दिसत नसे. यंत्रावर प्रत्येक केंद्राचा आकडा सुटा येतो. चारशे मतदारांच्या केंद्रावर वस्ती आणि आकडा यांची सांगड घालायला कुणाला हुशारी लागत नाही. मग पाणी तोडणं, मजुरीला न बोलावणं असे सूड निघतात. यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांची बेरीज एकत्र करणारं टोटलायझर वापरावं, असं आयोगानं सुचवलं होतं आणि विधी आयोगाच्या २०१५ च्या २५५ व्या अहवालातही ती शिफारस आहे. ती अंमलात आलेली नाही. मतदारांवरचा दबाव कमी करणाऱ्या सुधारणांत आमच्या मते हिचा क्रम पहिला लागतो.

वैयक्तिक मत मात्र यातून कळत नाही. ‘तू कुठलं बटण दाबलंस ते आम्हाला दिसतं’ ही निव्वळ थाप आहे.

मतदानापूर्वीच वातावरण तंग असेल तर आधी काही करता येतं का?

येतं. ज्या वस्त्यांवर दबाव येण्याची शक्यता आहे, त्या प्रशासन आधी शोधून त्यांची नोंद करतं. क्षेत्रीय अधिकारी वस्तीवर जाऊन ही माहिती घेतात: कुणावर दबाव येऊ शकतो, कुणाकडून. तुमची वस्ती त्या नोंदीत आहे का हे जिल्हा निवडणूक कार्यालयात विचारा, नसेल तर लेखी मागणी करा. नोंद असली की संबंधितांकडून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेणं, परवान्याची शस्त्रं जमा करून घेणं आणि केंद्रावर जादा बंदोबस्त देणं प्रशासनाला सोपं जातं.

मालक सुट्टी देत नाही.

१९५१ च्या कायद्याचं कलम १३५ ख : दुकान, कारखाना, कुठलाही व्यवसाय, मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी. रोजंदारीवरच्या माणसालाही त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. ज्याच्या गैरहजेरीनं धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामालाच अपवाद आहे. अशा ठिकाणी निदान दोन-तीन तासांची सवलत द्यायला राज्य शासन दर निवडणुकीत परिपत्रक काढून सांगतं. मालकाला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. ही रक्कम आज हास्यास्पद आहे आणि ती वाढायला हवी. पण मतदानाआधी दोन दिवस कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार गेली की बहुतेक ठिकाणी सुट्टी मिळते.

अंध, दिव्यांग, अतिवृद्ध मतदारांचं काय?

८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना घरून टपाली मत देता येतं. त्यासाठी नमुना १२ डी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत द्यावा लागतो. केंद्रावर जायचं असेल तर नियम ४९ एन प्रमाणे १८ वर्षांवरील सोबती नेता येतो. एका सोबत्याला एका दिवशी एकाच मतदाराला मदत करता येते. गावातला एकच कार्यकर्ता दहा आज्यांना घेऊन आत जात असेल तर तो नियमभंग आहे, केंद्राध्यक्षांना दाखवून द्या.

कच्च्या कैद्याला मत देता येतं का?

नाही. १९५१ च्या कायद्याचं कलम ६२(५) तुरुंगातल्या आणि पोलिस कोठडीतल्या सर्वांना मतदानापासून रोखतं, शिक्षा झालेली असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली हे कलम वैध ठरवलं. जामिनावर बाहेर असलेला माणूस मत देऊ शकतो. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतला माणूस टपालानं देतो. दोष सिद्ध न झालेल्या माणसाचं मत नुसतं कोठडीत आहे म्हणून जावं, हे आम्हाला पटत नाही, पण आज कायदा असा आहे.

तक्रार कशी लिहावी?

एक पान पुरे. तारीख, वेळ, केंद्राचा क्रमांक, यादीतला भाग व अनुक्रमांक, काय घडलं ते घडलं त्या क्रमानं, अडवणाऱ्याचं नाव किंवा वर्णन, दोन साक्षीदार आणि शेवटी नेमकी मागणी: ‘मला मत देऊ द्यावे’, ‘नाव वगळण्याच्या आदेशाची प्रत द्यावी’, ‘गुन्हा नोंदवावा’. मागणी नसलेली तक्रार ‘नोंद घेतली’ म्हणून बंद होते. प्रत निवडणूक निर्णय अधिकारी आणि आयोगाचे निरीक्षक यांना द्या. निरीक्षकांचे फोन क्रमांक निवडणुकीच्या काळात जाहीर केलेले असतात. आचारसंहिता चालू असताना सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकला तर १०० मिनिटांत कार्यवाही व्हायची असते. १९५० या क्रमांकावर माहिती आणि मदत मिळते, पण त्यावर थांबू नका, लेखी द्याच.

कोर्टात जाता येतं का?

यादीच्या वादात दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही, १९५० च्या कायद्याच्या कलम ३० नं तो काढून घेतला आहे. वर सांगितलेली दोन अपिलं हाच रस्ता. ती वेळेत केली आणि तरी अन्याय राहिला तर उच्च न्यायालयात रिट. निकालाला आव्हान द्यायचं असेल तर निवडणूक याचिका उच्च न्यायालयात ४५ दिवसांत, आणि ती उमेदवाराइतकीच साध्या मतदारालाही करता येते. मात्र नाव चुकून वगळलं गेलं हे कारण त्या याचिकेत चालत नाही; अंतिम यादी तिथे पक्की धरतात. म्हणून यादीची लढाई निवडणुकीआधीच लढावी लागते.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिकेला हेच नियम का?

थोडे वेगळे. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेला घेऊन प्रभागांत विभागतो. त्या टप्प्यावर हरकत फक्त विभागणीवर घेता येते: चुकीच्या प्रभागात नाव गेलं, विधानसभेच्या यादीत असून इथे आलं नाही, वगैरे. नवं नाव तेव्हा येत नाही. त्यासाठी नमुना ६ त्या तारखेआधी मंजूर झालेला हवा. लाच, धमकी, तोतयेगिरीची न्याय संहितेतली कलमं आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा इथेही जसेच्या तसे लागू आहेत, आणि गावपातळीवर त्यांची गरज जास्त पडते.

तक्रार केली तर मी कुणाला मत दिलं हे सांगावं लागेल का?

नाही. १९५१ च्या कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे साक्षीदाराला किंवा इतर कुणालाही आपण कुणाला मत दिलं हे सांगायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी जबाबात विचारलं तर ‘कलम ९४ प्रमाणे सांगणार नाही’ एवढं म्हणा आणि जबाबात तेच लिहून घ्या.